तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब का उतरत नाही?

रक्तदाबाची एक गोळी सुरू होते. काही महिन्यांनी दुसरी जोडली जाते, वर्षभराने तिसरी. जेवणातले लोणचे, पापड आणि सुके खारे मासे बंद होतात, सकाळचे चालणे सुरू होते. तरीही दवाखान्यातल्या यंत्रावर १६०, १७० असे आकडे उमटतच राहतात. अशा वेळी घरच्यांकडून आणि पुष्कळदा तपासणीच्या खोलीतही एकच निष्कर्ष काढला जातो : पथ्य पाळले जात नसणार, गोळ्या चुकत असणार किंवा मनावर ताण फार असणार. कित्येकदा तो खराही असतो. मात्र अशा रुग्णांपैकी साधारण पाचांतल्या एकाच्या बाबतीत दोष पथ्याचा नसतो, औषधाचा नसतो आणि मनाचाही नसतो. मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली एक लहानशी ग्रंथी गरजेपेक्षा जास्त संप्रेरक रक्तात सोडत असते. हा विकार रक्ताच्या एका तपासणीतून लक्षात येऊ शकतो. अडचण एवढीच, की ती तपासणी सहसा सांगितलीच जात नाही.

या विकाराला ‘प्रायमरी अल्डोस्टेरोनिझम’ किंवा ‘कॉन सिंड्रोम’ असे म्हणतात. नाव अवघड असले, तरी त्यामागची गोष्ट समजायला कठीण नाही.

न जुमानणारा रक्तदाब

वेगवेगळ्या प्रकारची तीन औषधे पुरेशा मात्रेत चालू आहेत, त्यांपैकी एक लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर टाकणारे मूत्रल औषध आहे आणि तरीही रक्तदाब ठरवलेल्या मर्यादेखाली येत नाही, तर त्याला औषधांना न जुमानणारा रक्तदाब म्हणतात. तो आटोक्यात ठेवण्यासाठी चार किंवा अधिक औषधे लागत असतील, तरीही रुग्ण याच गटात मोडतो.

हे निदान करण्यापूर्वी काही साध्या गोष्टी तपासून पाहाव्या लागतात. दंडाला बांधायचा पट्टा लहान पडला तर आकडा उगाच वाढलेला दिसतो. दवाखान्यात पाऊल ठेवताच काहींचा रक्तदाब चढतो आणि घरी तो ठीक असतो. सांधेदुखीसाठी रोज घेतली जाणारी वेदनाशामके रक्तदाब वाढवतात. झोपेत घोरताना वारंवार श्वास अडकणे, मूत्रपिंडाचा जुना आजार, मूत्रपिंडाकडे जाणारी रोहिणी अरुंद होणे हीदेखील कारणे असू शकतात. ही यादी संपल्यावरही आकडा खाली येत नसेल, तर रुग्णाला बोल लावण्याऐवजी त्याच्या ग्रंथींकडे पाहण्याची वेळ आलेली असते.

प्रश्न किरकोळ नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांमध्ये उच्च रक्तदाब आढळला. याच पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात नोंदले गेले. मधुमेह आणि उच्च रक्तदाब एकत्र आले, की मूत्रपिंडे, हृदय आणि डोळे यांवर दुहेरी भार पडतो. म्हणूनच ज्या रक्तदाबाचे मूळ शोधता येते, ते शोधले जाणे गोमंतकीयांच्या दृष्टीने अधिकच महत्त्वाचे ठरते.

टाकी, गोळा आणि अडकलेला नळ

प्रत्येक मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाला एक अधिवृक्क ग्रंथी असते. तिचे वजन अवघे चार-पाच ग्रॅम. तिच्या बाहेरच्या थरात अल्डोस्टेरॉन नावाचे संप्रेरक तयार होते. त्याचे मुख्य काम एकच : मूत्रपिंडाला सांगून लघवीतले सोडियम, म्हणजेच मीठ, परत रक्तात ओढून घेणे. मिठामागोमाग पाणी येते, रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तदाब टिकून राहतो. या देवघेवीत पोटॅशियम मात्र लघवीवाटे बाहेर जाते.

माणसाला मीठ सहज मिळत नव्हते, त्या काळात ही व्यवस्था जीव वाचवणारी होती. आजही जुलाब, अतिघाम किंवा रक्तस्राव झाला, तर तीच उपयोगी पडते. तिच्यावर लगाम असतो तो मूत्रपिंडाचा. रक्तदाब किंवा शरीरातले मीठ कमी झाले, की मूत्रपिंड रेनिन नावाचे द्रव्य सोडते. रेनिनमुळे अँजिओटेन्सिन तयार होते आणि अँजिओटेन्सिनच्या इशाऱ्यावर अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन सोडते. रक्तदाब वर आला, की रेनिन थांबते आणि त्यामागोमाग अल्डोस्टेरॉनही.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत तरंगणारा गोळा असतो. पाणी वर आले, की गोळा वर उचलला जातो आणि नळ बंद होतो. प्रायमरी अल्डोस्टेरोनिझममध्ये गोळा वर उचलला गेलेला असतो, पण नळ काही बंद होत नाही. मूत्रपिंडाने रेनिन जवळजवळ थांबवलेले असते. तरीही ग्रंथी स्वतःच्या मर्जीने अल्डोस्टेरॉन सोडत राहते. मीठ साठत जाते आणि टाकी भरून वाहू लागते.

नेहमीची औषधे येथे तोकडी का पडतात, हेही यातून उलगडते. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन ही सर्रास लिहून दिली जाणारी औषधे रेनिन आणि अँजिओटेन्सिनच्या साखळीवर काम करतात. ती साखळीच आधीपासून थंडावलेली असेल, तर या औषधांना अडवायला फारसे काही उरतच नाही. बिघाड एका ठिकाणी आणि दुरुस्ती दुसऱ्याच ठिकाणी, अशी ही गत होते.

अ‍ॅन आर्बरची रुग्ण

अल्डोस्टेरॉनचा शोध तसा अलीकडचा. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात काम करणाऱ्या सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट या संशोधकांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या रसायनशास्त्रज्ञांच्या साहाय्याने १९५३ मध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पुढच्याच वर्षी त्याच्या अतिरेकाने होणारा आजार अमेरिकेत ओळखला गेला.

मिशिगन विद्यापीठात, अ‍ॅन आर्बर येथे, डॉ. जेरोम कॉन यांच्याकडे ३४ वर्षांची एक स्त्री आली. सात वर्षांपासून तिला अधूनमधून स्नायूंचा कमालीचा अशक्तपणा येत असे, पायांत गोळे येत, रात्री लघवीला वारंवार उठावे लागे. रक्तदाब वाढलेला होता. रक्तातले पोटॅशियम, जे सामान्यतः ३.५ ते ५ च्या दरम्यान असते, ते तिच्या बाबतीत २.५ च्याही खाली घसरलेले होते.

कॉन यांना या कोड्याची उकल सुचली, तिला एक पार्श्वभूमी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी दमट उष्ण हवेत माणसाचे शरीर कसे जुळवून घेते याचा अभ्यास केला होता. काही दिवसांत घामातले मीठ कमी होत जाते आणि ते वाचवण्यामागे अधिवृक्क ग्रंथीचा हात असतो, असे त्यांना दिसले होते. या स्त्रीच्या घामातही मीठ फारच थोडे आढळले. ती थंड प्रदेशातल्या रुग्णालयात होती, पण तिचे शरीर मात्र मिठाचा दुष्काळ पडल्यासारखे वागत होते. कॉन यांनी दीर्घकाळ तिच्या आहारातल्या व लघवीतल्या क्षारांचे मोजमाप केले आणि ग्रंथीच अति संप्रेरक बनवत असल्याचा निष्कर्ष काढला.

डिसेंबर १९५४ मध्ये शस्त्रक्रिया झाली. दोन्ही ग्रंथी काढाव्या लागतील अशी तयारी होती. पण शल्यविशारद डॉ. विल्यम बॉम यांना उजव्या ग्रंथीत १३ ग्रॅम वजनाची एक गाठ सापडली. तेवढीच बाजू काढली गेली आणि दुसरी ग्रंथी शाबूत राहिली. शस्त्रक्रियेनंतर तिच्या रक्तातले क्षार सावरले आणि बहुतेक तक्रारी ओसरल्या.

उच्च रक्तदाबाच्या पुष्कळ रुग्णांमध्ये, कदाचित २० टक्क्यांपर्यंत, हाच विकार दडलेला असावा, असे कॉन यांनी पुढे सुचवले. त्यावर फारसा विश्वास ठेवला गेला नाही. अनेक दशके पाठ्यपुस्तकांत हा आजार ‘दुर्मीळ’ म्हणूनच राहिला, कारण पोटॅशियम घसरलेले असेल तरच त्याचा शोध घेतला जाई. १९८१ मध्ये जपानी संशोधकांनी रक्तातले अल्डोस्टेरॉन आणि रेनिन यांचे गुणोत्तर काढण्याची सोपी पद्धत मांडली. ती वापरात आल्यावर चित्र पालटले. या विकाराच्या बहुसंख्य रुग्णांचे पोटॅशियम सामान्य असते, हे स्पष्ट झाले. पोटॅशियमची वाट पाहत बसल्याने इतकी वर्षे बहुतेक रुग्ण निसटत होते.

नुकसान आकड्यापुरते नाही

रक्तदाब कोणत्याही कारणाने वाढला तरी तो वाईटच. मग कारण शोधण्याचा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर असे, की जादा अल्डोस्टेरॉन रक्तदाबाच्या वाटेने जसे नुकसान करते, तसे थेटही करते. हृदयाच्या स्नायूंत, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत आणि मूत्रपिंडांत ते दाह आणि तंतुमय कडकपणा निर्माण करते.

२०१८ मध्ये अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी प्रसिद्ध झाली. साध्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांशी तुलना करता या रुग्णांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे अडीचपट, हृदय निकामी होण्याचा दुप्पट आणि हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या विकाराचा सुमारे साडेतीनपट आढळला. यंत्रावरचा आकडा दोघांचा सारखाच असू शकतो. शरीराने मोजलेली किंमत मात्र सारखी नसते.

असे असूनही तपासणी क्वचितच होते. अमेरिकेत माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेतील, औषधांना न जुमानणारा रक्तदाब असलेल्या अडीच लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या. त्यांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी जणांची ही तपासणी झालेली होती. सुसज्ज व्यवस्थेत ही स्थिती असेल, तर इतरत्र रुग्णाने स्वतः विषय काढण्याला महत्त्व येते.

कोणाची तपासणी व्हावी?

अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीच्या २०१६ च्या मार्गदर्शनात काही ठरावीक गटांची तपासणी सुचवली होती : तीन औषधांनंतरही न उतरणारा रक्तदाब, सातत्याने १५०/१०० च्या वर राहणारा रक्तदाब, रक्तदाबासोबत पोटॅशियम कमी असणे, अधिवृक्क ग्रंथीत योगायोगाने गाठ दिसणे, झोपेत श्वास अडकण्याचा विकार, कुटुंबात लहान वयात रक्तदाब किंवा चाळिशीच्या आत पक्षाघात झालेला असणे आणि या विकाराच्या रुग्णांचे सख्खे नातेवाईक. २०२५ च्या नव्या मार्गदर्शनात याच्याही पुढचे पाऊल टाकले गेले : उच्च रक्तदाब असलेल्या प्रत्येकाचीच ही तपासणी व्हावी, असे त्यात सुचवले आहे.

तपासणी म्हणजे सकाळी घेतलेला रक्ताचा नमुना. उठून दोनेक तास हिंडल्या-फिरल्यानंतर रुग्णाला काही मिनिटे शांत बसवून तो घेतात. त्यात अल्डोस्टेरॉन, रेनिन आणि पोटॅशियम मोजले जाते. रेनिन दबलेले आणि त्या मानाने अल्डोस्टेरॉन चढलेले दिसले, तर संशय बळावतो. प्रयोगशाळांची मोजमापाची एकके वेगवेगळी असल्याने आकड्याचा अर्थ डॉक्टरांनीच लावायचा असतो.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, तपासणीपूर्वी मीठ अगदीच तोडले, तर रेनिन वर चढते आणि आजार झाकला जाऊ शकतो. दुसरी, रक्तदाबाची काही औषधे निकालावर परिणाम करतात. बीटा ब्लॉकर गटातली औषधे रेनिन खाली आणतात, मूत्रल औषधे आणि टेल्मिसार्टनसारखी औषधे ते वर नेतात. म्हणून कोणती औषधे चालू आहेत हे सांगणे आवश्यक असते. स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करून तपासणीला जाणे मात्र धोक्याचे. कित्येकदा औषधे चालू ठेवूनही निकालाचा अर्थ लावता येतो.

निकाल संशयास्पद आला, तर पुष्कळ रुग्णांमध्ये खात्रीची दुसरी चाचणी करतात. तिचा एक प्रकार म्हणजे चार तासांत शिरेतून दोन लिटर सलाइन देणे. एवढे मीठ शरीरात गेल्यावर निरोगी ग्रंथी अल्डोस्टेरॉन थांबवते. आजारी ग्रंथी थांबवत नाही.

एक बाजू की दोन्ही बाजू?

निदान झाल्यावर पुढचा प्रश्न उपचाराची दिशा ठरवतो. जादा संप्रेरक एकाच ग्रंथीतून येते, की दोन्हींतून? एका बाजूला बहुधा कर्करोगाची नसलेली छोटी गाठ असते. दोन्ही बाजूंचा आजार असेल, तर दोन्ही ग्रंथींतल्या पेशी अतिउत्साहाने काम करत असतात.

यासाठी आधी सीटी स्कॅन करतात; पण एकट्या स्कॅनवर विसंबता येत नाही. वय वाढते तशा या ग्रंथीत निरुपद्रवी गाठीही दिसू लागतात आणि खरा उपद्रव करणारी गाठ कधी इतकी लहान असते, की स्कॅनवर उमटतच नाही. म्हणून शस्त्रक्रियेचा विचार असेल, तर सहसा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी वर नेऊन दोन्ही ग्रंथींच्या शिरांतले रक्त वेगवेगळे तपासतात. उजव्या ग्रंथीची शीर आखूड असून ती थेट शरीरातल्या मोठ्या शिरेत उघडते. ती गाठणे हे कौशल्याचे काम आहे. त्यामुळे ही तपासणी अनुभवी केंद्रातच व्हावी लागते.

दोष एकाच बाजूला असेल, तर ती ग्रंथी दुर्बिणीच्या साहाय्याने काढता येते आणि उरलेली ग्रंथी शरीराची गरज भागवते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात अशा ७०५ रुग्णांचा मागोवा घेतला गेला. ९४ टक्के रुग्णांत संप्रेरकाचा दोष पूर्ण दूर झाला. औषधाविना रक्तदाब सामान्य राहिला तो ३७ टक्क्यांचा. आणखी ४७ टक्क्यांची औषधे किंवा रक्तदाब कमी झाला. हा फरक कशामुळे पडतो? वर्षानुवर्षे चढलेल्या दाबाने रक्तवाहिन्या एकदा कडक झाल्या, की मूळ कारण दूर करूनही त्या पुरत्या मोकळ्या होत नाहीत. आजाराची वर्षे कमी आणि वय लहान, तितके यश अधिक. निदानाला लागलेल्या विलंबाची किंमत येथे उघड दिसते.

दोन्ही बाजूंचा दोष असेल, किंवा शस्त्रक्रिया नको असेल, तर अल्डोस्टेरॉनचा परिणाम अडवणारी औषधे दिली जातात. स्पायरोनोलॅक्टोन हे त्यातले जुने आणि परिचित औषध. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तीन औषधांना न जुमानणाऱ्या रक्तदाबावर चौथे औषध म्हणून तेच सर्वांत प्रभावी ठरले. पुरुषांमध्ये स्तनांना सूज व दुखरेपणा आणि स्त्रियांमध्ये पाळीची अनियमितता हे त्याचे त्रासदायक परिणाम. तसे झाल्यास एप्लेरेनोनसारखा पर्याय असतो. उपचाराचा अंदाज केवळ रक्तदाबावरून घ्यायचा नसतो. दबलेले रेनिन पुन्हा वर आले, तर औषधाची मात्रा पुरेशी आहे असे समजते आणि अशा रुग्णांत हृदयविकाराचा जादा धोकाही उरत नाही, असे आढळले आहे.

अल्डोस्टेरॉनची निर्मितीच कमी करणारी नवी औषधेही आता पुढे येत आहेत. त्यांपैकी बॅक्सड्रोस्टॅटच्या मोठ्या चाचणीचे उत्साहवर्धक निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले.

शहाळे, मीठ आणि ज्येष्ठमध

स्पायरोनोलॅक्टोन सुरू झाल्यावर एक गोष्ट उलटी होते. आधी जे पोटॅशियम वाहून जात होते, ते आता शरीरात साठू लागते. ते फार वाढले, तर हृदयाची लय बिघडून जिवावर बेतू शकते. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत आणि पुढेही ठरावीक अंतराने पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासावे लागते. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. बाजारात ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियमच घातलेले असते. एरवी पथ्याचे वाटणारे हे दोन्ही पदार्थ या औषधासोबत, विशेषतः मूत्रपिंडे अशक्त असताना, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

घरातली आणखी एक वस्तू या आजाराची हुबेहूब नक्कल करते. घसा बसला, खोकला झाला, की ज्येष्ठमधाची काडी चघळली जाते किंवा काढ्यात घातली जाते. चार दिवसांच्या वापराने सहसा बिघडत नाही. दीर्घकाळ आणि जास्त प्रमाणात घेतल्यास मात्र त्यातील ग्लिसरायझिन हे द्रव्य मूत्रपिंडातला एक संरक्षक विकर बंद पाडते. मग कॉर्टिसॉल हे दुसरेच संप्रेरक अल्डोस्टेरॉनची जागा घेऊन मीठ साठवू लागते. रक्तदाब चढतो, पोटॅशियम घसरते. पण तपासणीत अल्डोस्टेरॉन कमीच आढळते. म्हणून काढे, चूर्णे आणि आसवे यांची माहितीही डॉक्टरांना द्यायला हवी.

पुढच्या खेपेला

रक्तदाब न उतरणाऱ्या रुग्णाने पुढच्या भेटीत काही गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात : आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ बसून मोजलेले आकडे, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची नावे व मात्रा, वेदनाशामके आणि काढ्यांसह, पायांत गोळे, अशक्तपणा किंवा रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे यांची नोंद, आणि कुटुंबात कोणाला कोणत्या वयात रक्तदाब किंवा पक्षाघात झाला, याची माहिती. त्याखाली एक प्रश्न लिहावा : ‘माझे अल्डोस्टेरॉन आणि रेनिन कधी तपासले आहे का?’

उत्तर ‘नाही’ असेल, तर चौथी गोळी लिहून घेण्यापूर्वी ही तपासणी करून घेण्याविषयी विचारावे. निकाल सामान्य आला, तर एक शंका फिटेल आणि इतर कारणांकडे लक्ष देता येईल. तो सदोष आला, तर अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांकडे जाण्याचा मार्ग खुला होईल. आणि पथ्य पाळत नसल्याचा आरोप वर्षानुवर्षे ऐकणाऱ्या माणसाला निदान एवढे तरी कळेल, की दोष त्याच्या ताटात नव्हता.